पस्तीस पाळ्या

शर्यतीच्या शेवटच्या वळणावर दोन गाड्या चाकाला चाक लावून आल्या. भरमूआप्पांनी खुर्चीची कड घट्ट धरली, मष्णू बसल्या जागेवरूनच बैलांना चुचकारू लागला, आणि नेमके तेव्हाच पडद्यावरचे बैल गायब होऊन तिथं लाल रंगाचा पॉवर टिलर आला. टिलरशेजारी जरीची साडी नेसलेली एक बाई चिखलात उभी राहून हसत होती.

"ह्ये पाचव्यांदा आलं," मष्णू म्हणाला. "कुणाची बाई हाय ही?"

"जाहिरात हाय ती," नागोजीनं सांगितलं. नागोजी पोस्टातून निवृत्त झालेला होता, आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं पोचवल्यामुळं जगातल्या कुठल्याही गोष्टीचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे असं त्याचं मत होतं. "आपण जे बघतोय न्हवं, त्येच कॉम्प्युटर ध्यानात ठेवतंय आणि परत परत दावतंय. माझा जावई सांगत हुता. साडी बघितली की साडी, चप्पल बघितली की चप्पल."

भरमूआप्पांनी टिलरकडं बघितलं. मग सबंध घरावरून नजर फिरवली. "मग ह्या घरात टिलर कोण बघालंय?"

नुकत्याच कामावरून आलेल्या आणि दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या महादेवाच्या हातातल्या तिन्ही कपबशा एकदम वाजल्या.

महादेव हा भरमूआप्पांचा एकुलता एक मुलगा. वय सेहेचाळीस, बेळगावातल्या एका हायस्कुलात हेडक्लार्क. घर पिरनवाडीच्या पलीकडं, जिथं प्लॉटांच्या पाट्या संपून अजून थोडी भाताची शेतं शिल्लक आहेत तिथं. शेत आप्पा बघत, आणि आप्पांच्या वतीनं खरी मेहनत हौश्या आणि गवळ्या ही बैलजोडी करी. आप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे. गेल्या वर्षी भातलावणीच्या आधी चिखल करताना ते औतामागं पाय घसरून पडले. त्या दिवसापासून महादेव गुपचूप टिलर बघत होता. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. माणसं चोरून काय काय बघतात. महादेव डिझेल इंजिन बघायचा, आणि बायको खोलीत आली की पटकन बातम्या लावायचा.

टिलर येणार म्हणजे बैल जाणार, हा हिशेब त्यानं मनाशी केला होता. यात भ्यायचं काय, असं परगावच्या माणसाला वाटेल. पण दहा वर्षांपूर्वी महादेवाच्या चुलत्यानं आप्पांना न विचारता सामाईक म्हैस विकली, तेव्हा आप्पा एक शब्द न बोलता ताट उचलून गोठ्यात गेले आणि सव्वा महिना तिथंच जेवले. ती तर म्हैस होती, आणि लाथ मारायची. बैल विकायचं चाललंय हे आप्पांना दुसऱ्याच कुणाकडून, आणि तेही मष्णू-नागोजीच्या देखत कळलं, तर या वयात ते गोठ्यातून परत येतील की नाही याची महादेवाला खात्री नव्हती. त्याला ते स्वतः सांगायचं होतं. नीट, योग्य वेळी. योग्य वेळ तो वैशाखापासून शोधत होता आणि आता आषाढ चालू होता.

"चुकून लागलं असंल," तो म्हणाला.

"चुकून पाचदा?" नागोजी म्हणाला. "थांब तू. पुढल्या मंगळवारी मी जावयाला इचारून येतो. कोण, कवा, काय बघितलंय त्येची यादी असतीया आत. पुसली तरी जात न्हाय. पुसल्यालं बी भायेर काढता येतंय म्हणं."

"काढ तर मग," आप्पा म्हणाले. "घरात कोण काय बघतंय ते घरच्या मालकाला कळाय पायजे."

पुढचा मंगळवार ठरला यालाही कारण होतं. आषाढातल्या मंगळवारी हे गाव वार पाळतं. त्या दिवशी शेतात औत जात नाही, बैल जुंपत नाहीत, विळा चालत नाही. त्यामुळं गावातली म्हातारी मंडळी मोकळी असतात, आणि त्यातले दोघं भरमूआप्पांच्या घरी येऊन कॉम्प्युटरवर बैलगाड्यांच्या शर्यती बघतात. बैलांना सुट्टी देऊन दिवसभर बैलच बघायचे, यात त्यांना काही वावगं वाटत नाही.

म्हणजे महादेवाच्या हातात सहा दिवस होते.

त्यानं त्याच संध्याकाळी कामाला सुरुवात केली. शाळेत संगणकाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालेलं होतं, तेव्हा बघितलेल्या पानांची यादी कुठं असते हे त्याला माहीत होतं. त्यानं ती पुसली. यादीबरोबर आणखी काय काय पुसायचं असं यंत्रानं विचारलं, तेव्हा त्यानं समोर दिसतील तेवढ्या सगळ्या चौकोनांवर खुणा केल्या. सरकारी माणूस अर्ज भरताना एकही रकाना रिकामा सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी मंगल कॉम्प्युटरसमोरून उठून स्वयंपाकघरात आली. हातात उलथनं नव्हतं, पण असल्यासारखा हात धरला होता.

"अवो, माझ्या साड्या कुठं गेल्या?"

"कुठल्या साड्या?"

"चौदा साड्या खूण करून ठेवल्यात्या. सहा महिने बसून निवडल्यात्या. आता एक बी न्हाय."

"घेणार हुतीस व्हय?"

"घेणार न्हवते. पण हुत्या न्हवं?"

मंगलनं कमरेवर हात ठेवले. "टिलरसाठीच पुसलंसा न्हवं सगळं? मला काय कळत न्हाय व्हय? मी आत आले की बातम्या लावतासा. बातम्या बघताना कुठल्या माणसाच्या तोंडावर एवढा आनंद असतोय?"

"आप्पांस्नी सांगू नको."

"मी कशाला सांगू? तुमीच सांगा."

"सांगणार हाय की."

"कवा?"

"योग्य वेळी."

"मग योग्य वेळ येईपतोर माझ्या साड्या भरून द्या," मंगल म्हणाली. आणि शनिवारी शाळा सुटल्यावर दोघं बेळगावच्या शहापूर पेठेत गेली.

मंगल साडीच्या दुकानात बसली. तिला चौदा हरवलेल्या साड्या आठवून आठवून दुकानदाराला वर्णन करायच्या होत्या, म्हणजे निदान दीड तास. महादेव गल्लीतून पुढं गेला. दोन घरं सोडून दिपालीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. पूर्वी त्या खोलीत तिच्या सासऱ्यांचे माग होते; आता तिथं पाठीचे पत्रे काढलेले कॉम्प्युटर ओळीनं पडलेले असत. महादेवानं गिऱ्हाईक बाहेर जाईपर्यंत वाट बघितली आणि मग आवाज खाली आणला.

"पुसलेलं खरोखर पुसलं जावं, याला काय उपाय आहे का? आमच्या शाळेतल्या एका कर्मचाऱ्याला पायजे होतं."

"काय बघितलंय त्यांनी?" दिपालीनं मान वर न करता विचारलं.

"खाजगी आहे."

"वय किती?"

"सेहेचाळीस."

"लग्न झालंय?"

"झालंय. बायकोला माहीत आहे. वडिलांना कळू नये एवढंच."

आता दिपालीनं मान वर केली. "फोटो, की व्हिडिओ?"

"दोन्ही," महादेव म्हणाला, आणि गैरसमज नको म्हणून त्यानं खुलासा केला, "व्हिडिओत प्रत्यक्ष चालवून दाखवतात. चिखलात."

दिपालीनं हातातला स्क्रू ड्रायव्हर टेबलावर ठेवला. मग एक पेन ड्राइव्ह काढून, तो फक्त टोकाला धरून, तिनं महादेवापुढं सरकवला.

"हे बघा काका," ती म्हणाली, "डिलीट केलं म्हणजे कॉम्प्युटर फक्त दारावरची नावाची पाटी काढतो. माणूस आत तसाच बसलेला असतो. त्या जागेवर दुसरं काहीतरी लिहिलं गेलं की मग तो खरा जातो. हा प्रोग्राम तेच करतो. डिस्कवरच्या मोकळ्या जागेवर काहीबाही खरडत सुटतो. एकदा फिरवला की साकु, बास झालं; दुसऱ्यांदा लागत नाही."

"एकदाच?"

"फारच मनाला लागलं असेल तर तीनदा. पस्तीसपर्यंतची सोय आहे त्यात, पण ती कुणी वापरत नाही. आणि तो चालू करायच्या आधी सगळ्या खिडक्या बंद करा. उघडं असलेलं तो पुसत नाही."

महादेवानं शेवटचं वाक्य ऐकलं नाही. तो पस्तीसपाशीच थांबला होता.

कारण महादेव हेडक्लार्क नंतर झाला. जन्मला तो शेतकऱ्याच्या घरात. एका पाळीनं रान साफ होतं असं त्याला बी.कॉम.ची पदवी घेऊनही कुणी पटवू शकलं नसतं. कुळवाची एक पाळी उभी घातली की वरचं गवत जातं, मुळं राहतात. आडवी घातली की मुळं उपटतात, पण हरळी राहते. हरळीला तिसरी, चौथी घालायची आणि मग वेचायची. पुसलेल्या गोष्टी हरळीसारख्या परत वर येतात हे नागोजीच्या जावयानंच सांगितलं होतं. पस्तीस पाळ्यांची सोय फुकट मिळत असताना तीनवर थांबणं महादेवाला आळशीपणाचं वाटलं.

रविवारी आप्पा दिवसभर भजनं ऐकत बसले. जाहिराती बदलल्या होत्या. दर दोन अभंगांमागं आता गुडघ्याच्या तेलाची बाटली येत होती, आणि आपण कधीही न बघितलेली वस्तू यंत्राला कशी कळली म्हणून आप्पा गुडघ्यावर टॉवेल टाकून बसले. सोमवारी संध्याकाळी कुठं महादेवाला खुर्ची मिळाली.

त्यानं पेन ड्राइव्ह लावला, प्रोग्राम उघडला, पस्तीस हा आकडा निवडला. बटण दाबायच्या आधी त्याला वाटलं, आता सगळं जाणारच आहे तर एकदा शेवटचं बघून घ्यावं. त्यानं लाल टिलर उघडला. मग निळा. मग परत लालच, पण मागच्या बाजूनं. आणि मग एक शेवटचं पान, ज्याच्याबद्दल मंगललाही ठाऊक नव्हतं. जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीच्या एका साइटवर त्यानं वैशाखातच हौश्या-गवळ्याची जाहिरात लिहून ठेवली होती. फोटो लावला होता, आपला मोबाइल नंबर घातला होता, आणि प्रकाशित करायचा धीर न झाल्यामुळं ती तशीच अर्धवट ठेवली होती. ती आता काढून टाकायची. महादेवानं हात पुढं नेला. फोटोतला हौश्या त्याच्याकडं बघत होता.

"म्हादबा!" गोठ्यातून आप्पांची हाक आली. "गवळ्याचा कासरा सुटलाय, ये हिकडं!"

महादेवानं सगळी पानं खाली सारली, प्रोग्रामचं बटण दाबलं आणि गोठ्याकडं पळाला. परत येऊन बघतो तर पडद्यावर एक हिरवी पट्टी होती, आणि खाली अंदाजे वेळ दिला होता. एकेचाळीस तास. कॉम्प्युटर शाळेनं लिलावात काढलेला होता. त्यानं एवढं काम सलग कधीच केलं नव्हतं. तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला.

मंगळवारी सकाळी महादेवानं शाळेत रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी 'घरगुती अडचण' असं लिहिलं. दहाच्या ठोक्याला मष्णू आणि नागोजी आले. नागोजीच्या खिशात जावयानं लिहून दिलेली चिठ्ठी होती.

"काढूया यादी," तो खुर्चीत बसत म्हणाला. मग पडद्याकडं वाकला. "ही हिरवी पट्टी कसली रं?"

"सफाई चाललीया," महादेव म्हणाला. "आज काय हात लावता येणार न्हाय. उद्या बघूया."

"कसली सफाई?"

"मोकळ्या जागेची."

"मोकळ्या जागेत साफ कराय काय असतंय?" मष्णूनं विचारलं. प्रश्न बिनतोड होता. महादेवाची झोप झाली नव्हती, आणि चांगलं उदाहरण सुचलं की ते गिळणं शिक्षण खात्यातल्या माणसाला जमत नाही.

"असं बघा मष्णूकाका. पीक काढलं तरी धसकटं ऱ्हात्यात न्हवं? मग आपण कुळवाच्या पाळ्या घालतोय, उभ्या, आडव्या. तसंच हे. पस्तीस पाळ्या घालालंय. चौदा झाल्या."

आपल्या उदाहरणावर तो तीन-चार सेकंद खूश होता. मग आप्पांनी खुर्ची त्याच्याकडं वळवली.

"आज वार हाय," आप्पा म्हणाले.

"अवो आप्पा, हे तसलं न्हवं. नुसतं सांगण्यासाठी सांगितलं मी."

"सांगण्यासाठीच असंल तर चौदा कशाला मोजल्यास?" नागोजी म्हणाला. पण त्याला यंत्राची बाजू घ्यायची होती, कारण चिठ्ठी खिशातच राहिली असती. "भरमाण्णा, हितं माती न्हाय, औत न्हाय. वार कसला मोडतोय?"

"आरं पण राबतंय का न्हाय त्ये?" मष्णू म्हणाला. "कान दे. धापा टाकालंय बघ कसं."

सगळ्यांनी कान दिला. कॉम्प्युटर खरोखरच धापा टाकत होता.

"वार कुणासाठी हाय?" आप्पांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "राबणाऱ्याला इसावा मिळावा म्हणून. त्यात बैल म्हणून लिवल्यालं न्हाय कुठं." ते उठले, आणि बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळवा ठेवला. लगेच काढून घेतला. "आरं, भट्टी झालीया ही! कवापासनं जुंपलंयस ह्येला?"

"काल सांजंपासनं."

"पाणी पाजलंस?"

"कॉम्प्युटरला पाणी कसं पाजू आप्पा?"

"चौदा पाळ्या एका दमात," आप्पा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरा संताप होता. "बैलाला बी मी चारच्या वर कवा घेतलं न्हाय. शाळंत असंच राबवून घेतासा व्हय पोरांस्नी?" आणि महादेव मध्ये यायच्या आत त्यांनी वाकून भिंतीतली पिन उपटली.

घरघर थांबली. हिरवी पट्टी गेली. "घे, इसावा घे," आप्पा डब्याला म्हणाले, आणि पंखा त्याच्या दिशेनं वळवला.

महादेव आधी पिन उचलायला वाकला. मग हळूहळू बरं वाटू लागलं. चौदा पाळ्या झाल्या होत्या. दिपालीच्या हिशेबानं तेरा जास्तच. आता कितीही जावई आले तरी लाल टिलर वर येणार नव्हता. आप्पा गोठ्यात जाणार नव्हते. योग्य वेळ शोधायला श्रावण होता, भाद्रपद होता, सगळं वर्ष पडलं होतं. तो शीळ घालत स्वयंपाकघरात गेला आणि मंगलला म्हणाला, "चिवडा काढ गं पाव्हण्यांस्नी."

तो चिवड्याच्या बशा घेऊन बाहेर आला तेव्हा अर्धा तास झाला होता. आप्पांनी डब्याला हात लावून तो निवाल्याची खात्री केली होती, यात काही राबवायचं नाही, नुसतं बघायचंय असा निवाडा दिला होता, आणि नागोजीनं कॉम्प्युटर चालू करून चिठ्ठीत बघून बघून नेटचं गोल चिन्ह दाबलं होतं. पडद्यावर कोपऱ्यात एक लहानशी चौकट आली होती.

"इंग्रजीत इचारतंय," नागोजी चष्मा कपाळावर चढवून वाचत होता. "मधीच बंद पडलं म्हणं. आधी जे जे उघडं हुतं ते परत उघडू का, म्हणतंय."

"एवढं इचारतंय तर व्हय म्हण की," मष्णू म्हणाला.

"नको!" महादेव ओरडला. चिवडा सगळ्या सतरंजीवर गेला. पण नागोजीनं चाळीस वर्षांत कुणाचं पत्र अडवून ठेवलं नव्हतं.

लाल टिलर आला. पाठोपाठ निळा. मग परत लाल, मागच्या बाजूनं. चौदा पाळ्यांनी पुसलेलं सगळं कायमचं गेलं होतं. जे पुसायचं राहिलं होतं, तेवढं मात्र एकापाठोपाठ एक नीट रांगेत उभं राहिलं. आणि शेवटी पडदाभर हौश्या आणि गवळ्या आले.

"ह्ये आपलंच हायत की!" मष्णू आनंदानं म्हणाला. मग त्यानं खालची अक्षरं बघितली आणि आनंद आवरला.

नागोजीला जन्मभर पत्रं फक्त पोचवायला मिळाली होती, उघडून वाचायला कधीच नाही. त्यानं घसा साफ केला. "'विक्रीस उपलब्ध. सदर बैलजोडी, नग दोन, सुस्थितीत असून कामास नियमित आहे. आज्ञाधारक. वर्तणूक समाधानकारक. मालक वृद्ध झाल्याकारणाने देणे आहे.'"

महादेव सतरंजीवरचा चिवडा एकेक दाणा करून गोळा करू लागला. मंगल दारात येऊन उभी राहिली. गोठ्यात कुणीतरी मान हलवली, घुंगरू वाजलं.

"परत वाच," आप्पा म्हणाले.

नागोजीनं परत वाचलं.

"वृद्ध कोण?"

मष्णू नागोजीकडं बघू लागला.

"आणि समाधानकारक?" आप्पांचा आवाज चढला. "हौश्याची वर्तणूक समाधानकारक? हे काय शाळा सोडल्याचा दाखला हाय व्हय रं? शिंगं रंगवली न्हाईस, अंगावर झूल न्हाय, शेणाच्या ढिगापुढं उभं करून फोटू काढलास. हे बघून कोण म्हणंल ह्या बैलांस्नी कुणी मालक हाय म्हणून?"

"आप्पा, मी सांगणार हुतो," महादेव म्हणाला.

"कवा?"

"योग्य वेळी," दारातून मंगल म्हणाली.

"मला का इचारलं न्हाईस?"

"तुमी गोठ्यात जाऊन बसला असता म्हणून."

आप्पांनी जरा विचार केला. "बसलो असतो," ते म्हणाले. "मग आलो असतो की परत. दहा वर्सांमागं गुडघं धड हुतं म्हणून सव्वा महिना बसलो. आता त्या ओल्यात चार दिस बी निघायचं न्हाईत." त्यांनी चिवड्याचा एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला. "गेल्या वर्साला मी चिखलात किती डाव पडलो, ठाऊक हाय तुला?"

"एकदा."

"तीनदा. एकदा तुला दिसलो. दोनदा कालव्याला जाऊन चिखुल धुतला, धोतर बांधावर वाळवलं, मग घरला आलतो. तू एकटाच पुसतोयस व्हय?"

महादेवानं वर बघितलं. आप्पा पडद्यावरच्या लाल टिलरकडं बघत होते. "ती बाई चालवतीया म्हंजी जड न्हसंल," ते म्हणाले. "आण जा यंतर. मला, हौश्याला, गवळ्याला, तिघांस्नी एकदम पेन्शनीत काढ."

"आणि बैलं?"

"बैलांचं काय?" आप्पा म्हणाले. "पेन्शनवाल्याला कोण इकतंय व्हय?"

"गोठ्यात जागा न्हाय, आप्पा."

"यंतराला कशाला गोठा? त्येला शिंगं न्हायत, शेण न्हाय. पडवीत ऱ्हाईल. पण त्येच्या आधी ही जाहिरात नीट सारखी कर. बैलं इकायची न्हायत ते खरं, पण असला दाखला माझ्या बैलांच्या नावावर ठेवायचा न्हाय."

मग दुपारपर्यंत चौघांनी सांगितलं आणि महादेवानं लिहिलं. मष्णूनं हौश्याच्या चालीवर चार वाक्यं घातली. गवळ्या आप्पांचा खोकला ओळखतो आणि दुसरं कुणी खोकलं तर वळूनही बघत नाही, हे नागोजीनं घालायला लावलं. मंगलनं दोघांच्या खाण्यातल्या आवडीनिवडी सांगितल्या. 'वृद्ध' काढून तिथं 'अनुभवी' घातलं. बैल बघायला येणाऱ्यानं चपला गोठ्याबाहेर काढाव्यात, अशी अट आप्पांनी शेवटी टाकली. लिहून झालं तेव्हा ते इतकं चांगलं झालं होतं, की पाचही जण परत परत वाचत होते.

"आता खाली निळं बटण हाय," नागोजी म्हणाला, आणि कुणाला काही कळायच्या आत त्यानं जाहिरात पोचती केली.

पहिला फोन चार वाजता आला, चिकोडीहून. दुसरा गडहिंग्लजहून. आपण काय बघतो हे घरात येऊन-जाऊन बसणाऱ्या तीन म्हाताऱ्यांना कळू नये म्हणून ज्यानं चौदा पाळ्या घातल्या, त्या महादेवाचा नंबर आठवड्याभरात तीन तालुक्यांतल्या शेतकऱ्यांकडं गेला. फोन आप्पाच घेऊ लागले. हळूहळू मोबाइल त्यांच्याच खिशात राहू लागला. शाळेच्या मुख्याध्यापकांनी एकदा रजेच्या अर्जाबद्दल विचारायला फोन केला, आणि वीस मिनिटं हौश्याबद्दल ऐकून घेऊन, दुसऱ्या दिवशी महादेवाला बैलांना सरकी पेंड मानवते का एवढंच विचारलं.

"जाहिरात काढून टाकूया का आता?" महादेवानं एकदा विचारून बघितलं.

"पुसायचं न्हाय," आप्पा म्हणाले. "बोलाया माणसं भेटत्यात."

टिलर आषाढ संपायच्या आत आला. पहिल्या रविवारी महादेव तो घेऊन चिखलात उतरला. यंत्र जाहिरातीतल्यासारखं सरळ चालत नव्हतं आणि महादेव हसतही नव्हता, पण वाफा मात्र भरत आला होता. बांधावर हौश्या आणि गवळ्या रवंथ करत बसले होते. त्यांच्या मध्ये पोत्यावर आप्पा, कानाला फोन लावून. निपाणीचा कुणी तंबाखूचा व्यापारी तिकडून येतो येतो म्हणत होता.

"या की! पुढल्या रविवारी जेवायलाच या," आप्पा मोठ्यानं सांगत होते. "बैलं काय, कवा बी बघा. द्यायचं म्हणतासा? ते मी एकटा कसं सांगू? थांबा, हितंच हायत दोघं, इचारून सांगतो."